तिसऱ्या दिवशीचा आकडा, चोविसाव्या दिवशीची वेदना
मणक्याच्या गादीच्या शस्त्रक्रियेनंतर दाहसूचक तपासण्या कशा वाचाव्यात

गेल्या कार्तिकातील गोष्ट. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी नुकतीच ओसरली होती. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक परिचित गृहस्थ हातात मोबाईल धरून आत आले. त्यांच्या ७२ वर्षांच्या आईच्या कमरेतील सरकलेल्या गादीची शस्त्रक्रिया नागपूरला झाली होती आणि तो तिसरा दिवस होता. रात्री रक्ताचा अहवाल मोबाईलवर आला होता. तेव्हापासून घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अहवालात ‘सीआरपी’ या नावापुढे ५८ हा आकडा ठळक अक्षरांत होता आणि शेजारी सामान्य मर्यादा लिहिली होती, ५ पर्यंत.

“डॉक्टरसाहेब, आत पू झाला का?” त्यांनी उभ्याउभ्याच विचारले.

मी उत्तर देण्याऐवजी त्यांनाच विचारले, “आईंच्या पायातली कळ कशी आहे?”

“कळ तर दुसऱ्याच दिवशी गेली. आई म्हणते, पाय हलका झाला. कंबर तेवढी दुखून राहिली.”

“ताप? जखमेतून पाणी?”

“काहीच नाही.”

“मग बसा. तिसऱ्या दिवशी हा आकडा वाढलेलाच असतो.”

हे उत्तर मी निःशंकपणे देऊ शकलो, त्यामागे पुस्तकांइतकाच माझ्या मनातील एका जुन्या शल्याचाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या बाबतीत मी नेमका उलटा वागलो होतो. जिथे शंका घ्यायला हवी होती, तिथे मी धीर दिला होता. ती हकिकत पुढे येईलच. त्याआधी हा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही आणि वेदनेशी त्याचे नाते काय, हे समजून घेतले पाहिजे. घरातील वडीलधाऱ्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना या समजुतीचा उपयोग औषधाइतकाच होतो, असा माझा अनुभव आहे.

दाब आणि दाह

पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. बोलीभाषेत तिला आपण गादी म्हणतो. तिच्या बाहेर चिवट तंतूंचे कडे असते आणि आत मऊ गर. वयोमानाने हे कडे सुकते, त्याला चिरा पडतात. मग धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करताना, पानमळ्यातील करंडी उचलताना किंवा नुसत्या जोरदार शिंकेनेही आतला गर त्या चिरेतून बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला भिडतो. कमरेतून निघून कुल्ला, मांडी, पोटरी असे करीत पावलापर्यंत विजेसारखी जाणारी कळ ती हीच. तिला सायटिका म्हणतात.

या कळेचे मूळ सरकलेल्या गादीत असते, हे ठामपणे दाखवून दिले ते अमेरिकेतील बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन शल्यचिकित्सकांनी, १९३४ साली. तोवर शस्त्रक्रियेत सापडणारा हा तुकडा अनेकदा कूर्चेची गाठ समजला जाई. त्यानंतर बराच काळ एकच विचार रूढ होता : गादी सरकते, नस दाबली जाते, म्हणून दुखते. दाब काढला की दुखणे संपले.

हा विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कमरेत किंवा पायात कधीही दुखले नाही अशा माणसांचे एमआरआय तपासले, तर वयाच्या विशीत सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरात सुमारे ८४ टक्के लोकांत गादी थोडीफार फुगलेली दिसते. म्हणजे चित्रात गादी फुगलेली असूनही वेदना नसते. उलट काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये दाब नगण्य दिसतो आणि रुग्ण मात्र रात्रभर बसून काढतो.

या कोड्याचा उलगडा होण्यास १९९३ साली स्वीडनमध्ये झालेल्या एका प्रयोगाने मोठी मदत केली. डुकरांच्या स्वतःच्याच गादीतील गर काढून तो त्यांच्या नसांच्या मुळांवर नुसता ठेवण्यात आला. दाब मुळीच दिला नव्हता. तरीही त्या नसांतून संदेश वाहण्याचा वेग मंदावला. गादीच्या गराला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तो एरवी रक्तापासून आणि शरीराच्या संरक्षक पेशींपासून अलिप्त राहतो. बाहेर आला की शरीर त्याच्याशी परक्यासारखे वागते. तेथे संरक्षक पेशी धावून येतात, टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी दाहकारक रसायने स्रवतात आणि नस सुजते, हळवी होते. हळव्या झालेल्या नसेवर थोडासा दाबही असह्य ठरतो.

याच दाहाला दुसरी बाजूही आहे. धावून आलेल्या पेशींतील काही पेशी बाहेर पडलेला तुकडा हळूहळू खाऊन टाकतात. गादीपासून पूर्ण तुटलेला मोठा तुकडा तर अनेकदा अधिक विरघळतो. म्हणूनच सायटिकाचे बहुतेक रुग्ण ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सावरतात. नेदरलँड्समधील २००७ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दीर्घ सायटिकाच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्या गटाला वाट पाहू दिली आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना निश्चितच लवकर गेली, पण वर्षअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारख्याच स्थितीत होते.

त्यामुळे पायातील शक्ती कमी होत जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे किंवा काही आठवडे योग्य उपचार करूनही वेदना असह्य राहणे, ही शस्त्रक्रियेची मुख्य कारणे ठरतात. वेळेवर आणि योग्य कारणासाठी केलेली ही शस्त्रक्रिया भीतिदायक नाही. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत आयुष्यभर मणक्यांवर काम केलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे ‘ताठ कणा’ हे आत्मचरित्र अनेक मराठी घरांत पोहोचले आहे. मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो, ही जुनी समजूत आता मागे पडायला हवी.

शस्त्रक्रियेत बाहेर आलेला तुकडा काढला जातो. दाबही जातो आणि दाहाचे मूळही जाते. पण त्यासाठी त्वचा आणि स्नायू यांतून वाट काढावी लागते. ही नवी जखम भरून काढण्यासाठी शरीर पुन्हा दाहच निर्माण करते. जुना दाह विझत असतो आणि त्याच वेळी नवा दाह चेतलेला असतो. नातेवाइकांचा सगळा गोंधळ येथेच होतो, कारण पायातील कळ जुन्या दाहाची असते आणि रक्तातील आकडा बहुतांशी नव्या दाहाचा असतो.

नाला आणि तलाव

दाह मोजण्यासाठी आपल्याकडे सहज होणाऱ्या तपासण्या दोन आहेत.

पहिली सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. न्यूयॉर्कमधील टिलेट आणि फ्रान्सिस यांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन आढळले. शरीरात कोठेही दाह झाला की इंटरल्यूकिन-६ हा निरोप यकृताला पोहोचतो आणि यकृत हे प्रथिन तयार करू लागते. निरोप थांबला की निर्मिती थांबते आणि रक्तातील सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मे होत जाते.

दुसरी ईएसआर. उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, ते यात मोजतात. दाह असला की रक्तातील काही प्रथिने वाढतात, पेशी एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. ही प्रथिने सावकाश वाढतात आणि सावकाशच ओसरतात.

आमच्या भागातील माणसांना मी हे असे सांगतो : सीआरपी म्हणजे गावचा नाला. पाऊस पडला की तासाभरात फुगतो, उघडीप मिळाली की उतरतो. ईएसआर म्हणजे खिंडसीचा तलाव. भरायला वेळ लागतो आणि रिकामा व्हायलाही. काल काय घडले हे विचारायचे असेल तर नाल्याला विचारावे.

या तपासण्या वाचताना घरच्यांनी पुढील खाचखळगे ध्यानात ठेवावेत.

सीआरपीचे एकक पाहावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर असे देतात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पहिल्या ठिकाणचे ४८ आणि दुसऱ्या ठिकाणचे ४.८ हे एकच असते. रामटेकला एक तपासणी आणि नागपूरला दुसरी झाली, की आकडा दहापट वाढला किंवा उतरला असे वाटून घरात विनाकारण रडारड किंवा आनंद होतो. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी.

काही लहान प्रयोगशाळांत सीआरपी केवळ ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असे सांगतात. शस्त्रक्रियेनंतर या उत्तराचा फारसा उपयोग नाही, आकडाच हवा. हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी करतात ती अतिसंवेदनशील सीआरपीची तपासणीही वेगळी असते.

ईएसआर वयाबरोबर वाढतो. ढोबळ नियम असा की पुरुषांत वयाच्या निम्म्यापर्यंत आणि स्त्रियांत वयात १० मिळवून त्याच्या निम्म्यापर्यंत तो चालतो. म्हणजे ७० वर्षांच्या आजोबांचा ३५ आणि ७० वर्षांच्या आजींचा ४० असला तरी तेवढ्यावरून घाबरू नये. रक्तक्षय आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर ईएसआर वाढतो. याउलट विदर्भात ज्या घरांत सिकलसेलचा आजार आहे तेथे हे सांगणे अगत्याचे आहे की, विळ्याच्या आकाराच्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. त्यामुळे आतून दाह असूनही ईएसआर कमी दिसू शकतो.

शेवटचा खाचखळगा असा की दोन्ही तपासण्यांना जागा कळत नाही. लघवीच्या नळीमुळे झालेला संसर्ग, सलाइन लावलेल्या हाताची सुजलेली शीर, छातीतील कफ, हिरडीतला पू किंवा उसळलेला संधिवात यांपैकी कशानेही सीआरपी वाढते. आकडा ‘कोठेतरी दाह आहे’ एवढेच सांगतो. तो कोठे आहे, हे रुग्णाला तपासूनच शोधावे लागते.

चढ किती दिवस, उतार केव्हा

गादीच्या शस्त्रक्रियेनंतर, कसलाही संसर्ग नसताना, हे आकडे कसे चढतात-उतरतात याचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर आजही त्या आडाख्यांचा आधार घेतात. सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वोच्च पातळी गाठते आणि साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सामान्य होते. ईएसआर थोडा मागाहून चढतो आणि कित्येक आठवडे वाढलेला राहू शकतो. दुर्बिणीतून, लहान छेदातून केलेल्या शस्त्रक्रियेत चढ लहान असतो. स्क्रू बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर तो बराच उंच असतो.

म्हणून या काळात एका आकड्याला स्वतंत्र अर्थ नसतो. ५८ हा आकडा तिसऱ्या दिवशी अपेक्षित असतो, विसाव्या दिवशी तोच आकडा धोक्याची सूचना असतो. त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले की शल्यचिकित्सकांना अहवाल कळवा, मनाने कोणतेही अँटिबायोटिक सुरू करू नका आणि टाके काढताना पुन्हा सीआरपी करा. उतार दिसला की निश्चिंत व्हा.

माझी चूक

आता ती जुनी हकिकत.

आयुष्यभर पानमळ्यात राबलेले ६६ वर्षांचे एक काका होते. डाव्या पायाच्या कळेने त्यांना चार महिने छळले होते. शस्त्रक्रिया झाली आणि कळ गेली. बाराव्या दिवशी टाके काढले तेव्हा सीआरपी ६ होती. ते स्वतः चालत माझ्याकडे आले आणि पेढे ठेवून गेले.

सोळाव्या-सतराव्या दिवशी कंबर पुन्हा दुखू लागली. पाय नव्हे, कंबर. मी त्यांना तपासले. ताप नव्हता, जखम कोरडी आणि स्वच्छ होती. पांढऱ्या पेशी मोजल्या, त्याही ठीक होत्या. मी म्हणालो, “काका, मणक्याचं ऑपरेशन आहे. दोन-तीन महिने पाठ कुरकुरणारच.” वेदनाशामक गोळी लिहून दिली. दोन दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला, मी गोळी बदलली. असे आठ दिवस गेले.

चोविसाव्या दिवशी त्यांची सून एकटीच आली. तिच्या हातात मुलाची जुनी शाळेची वही होती आणि त्यात रोजची नोंद. एका पानावर लिहिले होते, ‘आज मामंजींना कुशीवर वळता आलं नाही.’ ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हे दुखणं ऑपरेशननंतरच्या दुखण्यासारखं नाही. ते रोज कमी होऊन राहिलं होतं. हे रोज वाढून राहिलं.”

वैद्यकीय शिक्षण न घेतलेल्या त्या मुलीने एका वाक्यात निदान केले होते. त्याच दिवशी तपासणी केली. सीआरपी ७१, ईएसआर ९०. संध्याकाळी त्यांना नागपूरला त्यांच्या शल्यचिकित्सकांकडे धाडले. एमआरआयमध्ये जिथून तुकडा काढला होता त्याच गादीच्या पोकळीत जंतुसंसर्ग दिसला. सुईने नमुना घेऊन जंतू ओळखण्यात आला आणि त्यानुसार सुमारे सहा आठवडे प्रतिजैविके देण्यात आली, त्यातील बराच काळ शिरेतून. दर आठवड्याला सीआरपी पाहिली जाई. ती उतरत गेली तशी वेदनाही उतरली. काका बरे झाले, पण कंबर पूर्वीसारखी लवचीक राहिली नाही. ते आठ दिवस वाचले असते तर काय झाले असते, हे मला ठाऊक नाही. मी मात्र ते दिवस विसरलेलो नाही.

गादीच्या पोकळीतील हा संसर्ग विरळा आहे. शंभर शस्त्रक्रियांत एखाद-दुसऱ्याला किंवा त्याहूनही कमी जणांना तो होतो. पण तो फसवा असतो. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, आधी आराम पडल्यानंतर, तो डोके वर काढतो. ताप असेलच असे नाही, जखम वरून छान दिसते, पांढऱ्या पेशीही अनेकदा वाढत नाहीत. कंबर मात्र रात्री, कूस बदलताना आणि जराशा हालचालीनेही असह्य दुखते. आणि उतरलेली सीआरपी पुन्हा चढलेली असते.

येथे दोन गोष्टी जाणीवपूर्वक टाळाव्यात. वेदनाशामक गोळ्या ताप आणि वेदना दोन्ही झाकतात, तेव्हा दुखणे वाढत असताना केवळ गोळ्या वाढवत जाऊ नये. आणि जंतू ओळखण्यासाठी नमुना घेण्यापूर्वी अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करू नये. अर्धवट मारलेला जंतू नमुन्यात सापडत नाही आणि नेमके औषध निवडणे कठीण होते. आपल्या देशात मणक्याचा क्षयही विसरून चालत नाही. तो सावकाश, आठवड्या-महिन्यांनी वाढतो आणि वजन घटणे, संध्याकाळचा बारीक ताप अशा खुणा सोबत आणतो.

पाय आधी, बधिरपणा शेवटी

शस्त्रक्रियेनंतर आराम एका ठराविक क्रमाने पडतो. तो आधीच ठाऊक असेल तर अपेक्षाभंग होत नाही.

पायातील तीव्र कळ बहुधा प्रथम जाते. अनेकांत ती शुद्धीवर येताच गेलेली असते. जखमेची आणि कमरेच्या स्नायूंची वेदना दोन ते सहा आठवड्यांत कमी होत जाते. मधूनच पायात मुंग्या, जळजळ किंवा क्षणभर जुन्या कळेची आठवण करून देणारा झटका येतो. सुजलेली नस सावरत असल्याने असे होते. पायातील कमी झालेली शक्ती परत येण्यास काही महिने लागतात. पावलाचा बधिरपणा सर्वांत शेवटी जातो आणि जी नस फार दिवस दाबलेली होती, तिचा थोडा बधिरपणा कायमही राहू शकतो. याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा नाही.

‘वेदना एवढी आहे, मग सीआरपी वाढलेलीच असणार’ किंवा ‘सीआरपी सामान्य आहे, मग आजोबा उगीच कण्हतात’, या दोन्ही समजुती अन्यायकारक आहेत. सायटिकाच्या अनेक रुग्णांत, भयंकर वेदना असतानाही, नेहमीची सीआरपी सामान्य असते. नसेच्या मुळापाशी झालेला दाह इतका लहान आणि स्थानिक असतो की त्याची वार्ता यकृतापर्यंत पोहोचत नाही. माणसाला किती दुखते हे सांगणारी रक्ततपासणी आजमितीस रोजच्या उपचारात उपलब्ध नाही. ते त्यालाच विचारावे लागते आणि त्याने सांगितलेले मानावे लागते.

गोळ्यांचा हिशेब

वृद्ध रुग्णाच्या वेदनेवर पहिले औषध पॅरासिटामॉल. ते ठरावीक वेळेला, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घेतले तर अधिक उपयोगी पडते. यकृताचा विकार किंवा रोजचे मद्यपान असेल तर ते आवर्जून सांगावे. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन नावांची एकच गोळी दोनदा पोटात जात नाही ना, हे पाहणे घरच्यांचे काम.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी दाहशामके दुखणे झपाट्याने थांबवतात, पण वृद्धांत ती बेतानेच वापरायची असतात. जठरातून रक्तस्राव, रक्तदाब वाढणे, हृदयावर ताण आणि मूत्रपिंडाला इजा हे त्यांचे धोके आहेत. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल, किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

रामटेकच्या रामाच्या परिसरात जटायूचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपल्या उपखंडातील गिधाडे अल्पावधीत नाहीशी होण्याचे एक प्रमुख कारण डायक्लोफेनॅक होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हे औषध दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली. शेजारच्या पेंचच्या जंगलात आता गिधाडे पुन्हा रुजवण्याचे प्रयत्न चालू आहेत. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नसते हे खरे, पण सत्तरीतले मूत्रपिंड तिशीतल्यासारखे नसते, हेही तितकेच खरे. औषधाच्या दुकानातून ‘कमरेची गोळी’ मागून आणताना याची आठवण ठेवावी.

ट्रॅमाडॉलने मळमळ, बद्धकोष्ठता आणि चक्कर येते. शौचाला जोर करावा लागला की कंबर आणखी दुखते. गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन नसेच्या जळजळीवर देतात, पण त्यांनी गुंगी येते. रात्री लघवीला उठताना वृद्ध माणूस पडला तर शस्त्रक्रियेचे सारे श्रेय मातीत जाते. म्हणून रात्रीचा दिवा, न्हाणीघरात धरायला आधार आणि न घसरणारी पादत्राणे यांनाही उपचाराचाच भाग मानावे. ही औषधे एकदम बंदही करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावीत.

चालण्याला मात्र पर्याय नाही. बहुतेक रुग्णांना पहिल्या दिवसापासून थोडे थोडे चालवतात. अंगणात पाच मिनिटे, दिवसातून चार वेळा, असे करीत वाढवावे. पहिले सहा आठवडे कमरेतून वाकणे, पिळवटणे, पाण्याची बादली उचलणे आणि बराच वेळ बैठक मारून बसणे टाळावे. नेमकी मर्यादा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची.

घरातली वही

त्या सुनेच्या वहीपासून धडा घेऊन मी आता प्रत्येक घरी वही ठेवायला सांगतो. रोज संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, सहा गोष्टी लिहाव्यात.

१. पायातील वेदना, ० ते १० पैकी किती.
२. कमरेची वेदना, ० ते १० पैकी किती. ही नोंद पायाच्या नोंदीपासून वेगळी ठेवावी.
३. ताप. शक्यतो गोळी घेण्यापूर्वी मोजलेला.
४. किती मिनिटे चालले आणि कूस बदलताना त्रास झाला का.
५. कोणत्या गोळ्या, किती वाजता.
६. लघवी आणि शौच नेहमीसारखे झाले का.

रक्ताचा अहवाल आला की त्याच दिवसाच्या पानावर आकडा लिहावा आणि त्यापुढे शस्त्रक्रियेनंतरचा कितवा दिवस तेही लिहावे. असे केले की डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात चढ-उतार दिसतो.

पुढीलपैकी काही दिसले तर वहीत लिहून थांबू नये, त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधावा : कमी झालेली कंबरदुखी पुन्हा दिवसेंदिवस वाढणे, ताप किंवा थंडी वाजणे, जखम लाल होणे, तिच्यातून पू किंवा पाण्यासारखा स्राव येणे, उठून बसताच डोके फार दुखणे आणि आडवे पडताच थांबणे, एक पोटरी सुजणे व दुखणे. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे यांपैकी काही झाले तर एक तासही वाट पाहू नये, थेट मोठ्या रुग्णालयात जावे. छातीत दुखणे किंवा अचानक दम लागणे यासाठीही तसेच.

त्या ७२ वर्षांच्या आजींची सीआरपी चौदाव्या दिवशी ४ आली. चैत्रात रामनवमीला त्या मुलासोबत गडावर गेल्या. बराचसा चढ गाडीने पार केला आणि शेवटच्या काही पायऱ्या त्या थांबत थांबत, हात धरून चढल्या. त्यानंतरच्या आठवड्यात मायलेक दोघेही तपासणीला आले. नवा अहवाल मोबाईलवर आलेलाच होता, पण या वेळी त्या गृहस्थांनी मोबाईल खिशातच ठेवला आणि आधी वही माझ्यापुढे केली.